हरलेल्यांनी घडवलेला कायदा

कायद्याच्या विद्यार्थ्याच्या कानावर सुरुवातीलाच जी नावे पडतात, त्यांत केशवानंद भारती हे नाव असतेच. केरळमधल्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे हे स्वामी. राज्य सरकारच्या जमीन सुधारणा कायद्यांमुळे मठाच्या जमिनी जाणार, म्हणून १९७० मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. एवढे मोठे पीठ त्याआधी कधी बसले नव्हते आणि त्यानंतरही एवढ्या पीठाने निकाल दिलेला नाही. भारतीय राज्यघटनेवरचा सर्वांत महत्त्वाचा निकाल म्हणून आज त्याचा दाखला दिला जातो. पण ज्या कामासाठी स्वामी दिल्लीला गेले होते, ते काम काही झाले नाही. केरळच्या त्या कायद्यांना संरक्षण देणारी २९वी घटनादुरुस्ती न्यायालयाने वैध ठरवली.

हा अपवाद असता, तर नशिबाचा खेळ म्हणून सोडून देता आला असता. पण भारताचा कायदा घडवणाऱ्या खटल्यांची यादी काढली, तर तिच्यात हरलेल्यांची नावे फार दिसतात. फुटपाथवरचे झोपडीवाले हरले, आणीबाणीतले स्थानबद्ध हरले, मुंबईची रखमाबाई हरली, देसाईगंजची आदिवासी मुलगी हरली. तरीही देशाचा कायदा त्यांच्या खटल्यांनंतर पूर्वीसारखा राहिला नाही.

याचे एक कारण निकालपत्राच्या रचनेतच आहे. प्रत्येक निकालात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे आदेश : याचिका मंजूर की नामंजूर, शिक्षा की सुटका. हा आदेश त्या खटल्यातल्या पक्षकारांपुरता असतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्या आदेशापर्यंत पोहोचताना न्यायाधीशांनी मांडलेले कायद्याचे तत्त्व. घटनेच्या कलम १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. म्हणून माणूस आदेशात हरतो, पण त्याच्यामुळे मांडले गेलेले तत्त्व त्याच्यामागे वर्षानुवर्षे इतरांच्या कामी येते. शिवाय कायदा बदलण्याच्या आणखी दोन वाटा आहेत. एक अल्पमतातल्या न्यायाधीशाच्या निकालपत्रातून जाते, दुसरी न्यायालयाबाहेरच्या संतापातून संसदेकडे जाते. तिन्ही वाटांवर आधी कोणीतरी हरलेले आहे.

केशवानंद खटल्यात स्वामींच्या जमिनींचा प्रश्न लवकरच मागे पडला. खरा वाद होता तो संसद घटना किती बदलू शकते, हा. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात अकरा न्यायाधीशांनी सहा विरुद्ध पाच मतांनी सांगितले होते की, मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. त्यावर उतारा म्हणून इंदिरा गांधींच्या सरकारने १९७१ मध्ये २४वी घटनादुरुस्ती केली आणि घटनेचा कोणताही भाग बदलण्याचा अधिकार संसदेकडे घेतला. आता सामना दोन टोकांत होता. मुंबईचे नानी पालखीवाला याचिकाकर्त्यांच्या बाजूने उभे होते. केरळ सरकारतर्फे मुंबईचेच एच. एम. सीरवाई होते. केंद्रातर्फे ॲटर्नी जनरल निरेन डे. सुनावणी ६८ दिवस चालली आणि शेवटी तेरा न्यायाधीशांनी मिळून अकरा वेगवेगळी निकालपत्रे लिहिली.

सात विरुद्ध सहा मतांनी जे तत्त्व निघाले, ते दोन्ही टोकांना धरून नव्हते. संसद घटनेचे कोणतेही कलम बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. पारडे फिरवणारे मत न्या. हंसराज खन्ना यांचे होते. सरकारची २४वी आणि २९वी दुरुस्ती टिकली, त्यामुळे वरवर पाहता सरकार बरेचसे जिंकले होते. पण सरकारला त्या तत्त्वातला धोका बरोबर कळला. लगेच, सरन्यायाधीश सिक्री निवृत्त होताना, सरकारविरोधी बाजूला असलेल्या शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून अल्पमतातले अजितनाथ रे सरन्यायाधीश झाले. तिघांनीही राजीनामे दिले.

या तत्त्वाचा पहिला मोठा उपयोग पुन्हा एका हरलेल्या माणसाच्या खटल्यात झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवल्यावर संसदेने आणीबाणीत ३९वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंदिराबाईंची निवडणूक कायम केली, म्हणजे त्या निवडणुकीला आव्हान देणारे राजनारायण हरले. पण निवडणुकीला न्यायालयाबाहेर नेणारे कलम मात्र मूलभूत चौकटीच्या आधारे रद्द झाले. त्याच महिन्यात सरन्यायाधीश रे यांनी केशवानंद निकालाच्या फेरविचारासाठी तेरा न्यायाधीशांचे नवे पीठ बसवले. पालखीवालांच्या युक्तिवादानंतर दोन दिवसांतच ते विसर्जित करावे लागले. पुढे १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात ४२व्या घटनादुरुस्तीची काही कलमे याच तत्त्वावर कोसळली. तेव्हा पीठावर होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, जे १९७३ मध्ये या तत्त्वाच्या विरोधात, अल्पमतात होते. तत्त्व एकदा मान्य झाले की विरोधकालाही ते वापरावे लागते, ते असे. २०१५ मध्ये न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठीचा राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगही याच कसोटीवर रद्द झाला. मठाच्या जमिनींशी यातल्या कशाचाही संबंध नव्हता.

याच वाटेवरचा दुसरा खटला थेट मुंबईच्या फुटपाथवरचा आहे. जुलै १९८१ मध्ये, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की, फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवले जाईल. झोपड्या पाडायला सुरुवात झाली. पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी हक्क संघटना आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. त्यांतल्या एका याचिकाकर्त्याची हकीकत निकालपत्रात नोंदवली आहे. मूळचा संगमनेरचा, व्यवसायाने चांभार. गावातले घर पडले, म्हणून मुंबईला आला. महिना साडेतीनशे रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर राहायला जागा मिळावी, म्हणून त्याने तिथल्या गुंडाला तीनशे रुपये मोजले. बांबू आणि प्लॅस्टिकला सातशे रुपये खर्च आला. ज्या झोपडीला महापालिका अतिक्रमण म्हणत होती, तिच्यामागचा हा हिशोब.

महापालिकेचे म्हणणे सरळ होते. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याचे कलम ३१४ आयुक्तांना नोटीस न देताही अतिक्रमण काढण्याचा अधिकार देते आणि फुटपाथ चालण्यासाठी असतो. याचिकाकर्त्यांच्या वकील इंदिरा जयसिंग यांचा मुद्दा वेगळा होता. हा माणूस फुटपाथवर हौसेने राहत नाही, काम जवळ आहे म्हणून राहतो. त्याला इथून उचलणे म्हणजे त्याचे काम काढून घेणे, आणि काम काढून घेतले तर तो जगणार कसा? कलम २१ जीविताच्या हक्काची हमी देते.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने हा मुद्दा पूर्णपणे मान्य केला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कारण माणसाचा जीव घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याचे जगण्याचे साधन काढून घेणे. एवढे म्हणून झाल्यावर आदेशात न्यायालयाने कलम ३१४ वैध ठरवले आणि झोपड्या हटवायला परवानगी दिली. फक्त पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबायला सांगितले. १९७६ च्या गणनेत ओळखपत्रे मिळालेल्यांना पर्यायी जागा देण्याच्या सरकारच्या आश्वासनाची नोंद घेतली, पण जागा दिल्याशिवाय हटवायचे नाही, असे मात्र म्हटले नाही. नोटीस द्यावी हा नियम, न देणे हा अपवाद, असे कलमाचे वाचन करून दिले.

कोरड्या भाषेत सांगायचे तर फुटपाथवासी हरले. पण त्या निकालपत्रानंतर कलम २१ चा अर्थ नुसता श्वास चालू असणे एवढा उरला नाही. पुढच्या दशकांत आरोग्य, स्वच्छ पर्यावरण आणि शिक्षण हे हक्क याच कलमातून वाचले गेले. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालानंतर शिक्षणाचा हक्क २००२ मध्ये कलम २१-अ म्हणून थेट घटनेत आला. झोपडी पाडण्याचे प्रकरण देशात कुठेही न्यायालयात गेले की, ओल्गा टेलिसचा दाखला निघतोच.

दुसरी वाट अल्पमताची. एकाहून अधिक न्यायाधीश बसतात, तेव्हा ज्याचे मत बहुमताशी जुळत नाही त्याला आपले वेगळे निकालपत्र लिहिता येते. त्या दिवशी त्याला कवडीचीही किंमत नसते, आदेश बहुमताचाच. पण ते अधिकृत अहवालांत छापले जाते आणि पुढच्या वकिलाला सापडते.

घटना लागू होऊन चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांची याचिका आली. खटला न चालवता स्थानबद्ध ठेवणाऱ्या १९५० च्या कायद्याला त्यांनी आव्हान दिले होते. मे १९५० मध्ये बहुमताने ठरवले की, संसदेने कायदा केला आहे आणि त्यात पद्धत सांगितली आहे, एवढे पुरेसे. ती पद्धत न्याय्य आहे का, हे न्यायालयाने पाहायचे नाही. गोपालन कोठडीतच राहिले. सहा न्यायाधीशांपैकी सय्यद फाजल अली यांचे मत मात्र वेगळे होते. मूलभूत हक्कांची कलमे एकमेकांपासून तोडून वाचता येत नाहीत, आणि माणसाला कोंडण्याच्या पद्धतीत त्याचे म्हणणे ऐकून घेणे आलेच पाहिजे, असे त्यांनी लिहिले. मराठी वाचकांना फाजल अली आठवतात ते संयुक्त महाराष्ट्राच्या काळातल्या राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष म्हणून. तो आयोग महाराष्ट्राला रुचला नाही. त्यांच्या या निकालपत्राने मात्र पुढे देशाचा कायदा फिरवला. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात गोपालनचा पाया ढासळला. १९७८ मध्ये मनेका गांधींचे पारपत्र कारण न सांगता जप्त केल्याच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की, स्वातंत्र्य हिरावणारी पद्धत न्याय्य, वाजवी आणि योग्य असली पाहिजे. फाजल अलींचे अल्पमत २८ वर्षांनी कायदा झाले.

या दोन टोकांच्या मध्ये सर्वोच्च न्यायालयाची सर्वांत काळी तारीख येते : २८ एप्रिल १९७६. आणीबाणीत ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली हजारो लोक तुरुंगात होते. राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम २१ साठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित होता. तरीही मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले होते की, स्थानबद्धता बेकायदा असेल तर आम्ही ती तपासू. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात हे सगळे निकाल सर्वोच्च न्यायालयापुढे आले. न्या. खन्ना यांनी निरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले, तरी दाद नाही का? आणीबाणी असेपर्यंत नाही, अशा आशयाचे उत्तर आले. पाचांपैकी चार न्यायाधीशांनी सरकारचे म्हणणे उचलून धरले. त्यांत पुढे उपजीविकेचा हक्क सांगणारे यशवंतराव चंद्रचूड होते आणि मनेका गांधी खटल्यात प्रमुख निकालपत्र लिहिणारे भगवतीही होते. खन्ना एकटे राहिले. जीविताचा हक्क घटनेने दिला म्हणून आहे असे नाही, कायद्याचे राज्य म्हणवणाऱ्या कोणत्याही देशात तो असतोच, ही त्यांची भूमिका होती. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

खन्नांचे म्हणणे दोन टप्प्यांत कायद्यात आले. ४४व्या घटनादुरुस्तीने १९७८ मध्ये ठरवले की, आणीबाणीतसुद्धा कलम २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत. मग २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाचा हक्क मान्य करणाऱ्या पुट्टस्वामी खटल्यात, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूरचा निकाल रद्दबातल केला. ते निकालपत्र लिहिणारे होते धनंजय चंद्रचूड, म्हणजे ज्यांच्या मताला ते चूक म्हणत होते त्यांचेच चिरंजीव. गंमत म्हणजे पुट्टस्वामींनी मुळात आव्हान दिले होते ते ‘आधार’ योजनेला, आणि वर्षभराने न्यायालयाने ती बव्हंशी वैध ठरवली.

तिसऱ्या वाटेवर न्यायालयातून काहीच हाती लागत नाही. ना तत्त्व, ना कामी येणारे अल्पमत. जे काही होते ते बाहेर.

१८८४ मध्ये मुंबईत दादाजी भिकाजी याने रखमाबाईवर दावा लावला. अकराव्या वर्षी तिचे त्याच्याशी लग्न झाले होते, पण ती कधी नांदायला गेली नव्हती आणि आता जायला तयार नव्हती. पहिल्यांदा न्या. पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला : अजाण वयात लावलेल्या लग्नासाठी तिला जबरदस्तीने पाठवता येणार नाही. अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला की, नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. तिने टोपणनावाने लिहिलेली पत्रे आधीच टाइम्स ऑफ इंडियात येऊन गेली होती. ‘केसरी’तून टिळकांनी तिच्या विरोधात लिहिले, सुधारकांनी तिची बाजू घेतली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने दावा सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि तिने सुरत आणि राजकोटला काम केले.

त्या वादाने बालविवाह हा घराघरातला विषय झाला. बंगालमध्ये फुलमणी या बालवधूच्या मृत्यूने त्यात भर पडली आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. वय दहावरून बारावर गेले. नांदायला न गेल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये गेली. मात्र नांदायला येण्यासाठी दावा लावण्याची तरतूद १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून आली आणि आजही आहे. रखमाबाईचे निधनही १९५५ मध्येच झाले.

मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोलीत आहे. आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे खंडपीठाचे म्हणणे होते. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, म्हणून संमती होती, असा त्या निकालाचा सूर होता.

वर्षभराने उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. रात्री पोलीस ठाण्यात दोन पोलिसांसमोर एकटी असलेली गरीब मुलगी ओरडेल, अशी अपेक्षा न्यायालय कसे करते, असा त्यांचा सवाल होता. पत्र हातोहात फिरले, १९८० मध्ये स्त्रिया रस्त्यावर आल्या, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. १९८३ मध्ये संसदेने कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारासाठी स्वतंत्र, कडक शिक्षा आली. अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचे, असे पुरावा कायद्यात आले. पीडितेचे नाव छापण्यावर बंदी आली. यातले काहीही त्या मुलीच्या उपयोगाचे नव्हते. तिचे आरोपी सुटले ते सुटलेच.

उलटेही घडते. १९८५ मध्ये इंदूरच्या शाहबानो पोटगीचा खटला जिंकल्या. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून त्या निकालाची धार काढून घेतली. २००१ मध्ये न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, पण त्याचा अर्थ असा लावला की, घटस्फोटितेच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने इद्दतच्या, म्हणजे घटस्फोटानंतरच्या प्रतीक्षेच्या, काळातच केली पाहिजे. म्हणजे जिंकलेला खटलाही हातात राहील याची खात्री नसते.

प्रत्येक पराभवातून कायदा उगवतो, असा याचा अर्थ काढला तर ते खोटे समाधान ठरेल. लाखो लोक दरवर्षी हरतात आणि त्यांचे नाव कोणत्याही पुस्तकात येत नाही. इथे सांगितलेल्या खटल्यांत तीन गोष्टी जमून आल्या होत्या. पराभवाची कारणे लेखी होती, त्यामुळे त्यांच्यावर बोट ठेवता आले. बोट ठेवणारे वकील, प्राध्यापक, पत्रकार, संघटना चिकाटीचे होते. आणि संसद किंवा पुढचे पीठ ऐकण्याच्या मनःस्थितीत होते. यातली एक जरी गोष्ट नसती, तरी देसाईगंजचा निकाल एक जुनी फाईल झाला असता.

म्हणून एखाद्या मोठ्या निकालाची बातमी आली की, कोण जिंकले यावर थांबू नये. बहुमताने कोणते तत्त्व सांगितले आणि अल्पमतात कोण काय म्हणाले, हे पाहावे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता संकेतस्थळावर मोफत मिळतात आणि त्यांतल्या अनेकांची मराठी भाषांतरेही तिथे आहेत. निकाल वाचायला वकीलच असावे लागते, हा समज सोडायला हरकत नाही. १९७९ चे ते पत्र सुरू झाले होते, ते कोणीतरी निकालपत्र शेवटपर्यंत वाचले म्हणून.